दोन डोळे, एक दृष्टी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नेत्रविभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



नेत्रविभागाला या सभेत दरवर्षी काही मिनिटे बोलण्याची संधी दिली जाते, याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे ऋणी आहोत. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती शिबिरे भरली याची आकडेवारी अहवालाच्या अन्य पानांवर असतेच. ती येथे वाचून दाखवण्याचे प्रयोजन नाही. यंदा आम्ही आपले लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो.

आपल्या विभागाला भेट देणारे देणगीदार शस्त्रक्रियागृहातील सूक्ष्मदर्शक पाहतात, तपासणीच्या खोलीतील स्लिट लॅम्प पाहतात, डोक्यावर बांधून पडदा तपासण्याचे उपकरण पाहतात. या सर्वांना दोन नळ्या किंवा दोन भिंगे असतात. तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो : एका डोळ्याने पाहूनही वस्तू मोठी दिसतेच, मग दोन डोळ्यांसाठी उपकरण करण्याचा हा खटाटोप आणि हा खर्च कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देऊ लागले की आपण यंत्रांपाशी थांबत नाही. आपण थेट लहान मुलांच्या डोळ्यांपाशी येऊन पोहोचतो, आणि तेथे आपणा सर्वांच्या मदतीची निकड आहे. म्हणून या विषयाची निवड केली.

दोन डोळे कशासाठी?

आपण आपला अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहावे. अंगठा मागच्या भिंतीच्या तुलनेत डावी-उजवीकडे सरकल्यासारखा वाटतो. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे 6 सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे एकच वस्तू दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळ्या बाजूने दिसते, आणि मेंदूकडे प्रत्येक क्षणी दोन चित्रे पोहोचतात. तरीही आपल्याला दोन जगे दिसत नाहीत, एकच दिसते. मेंदू ही दोन चित्रे एकजीव करतो, आणि त्यांच्यातील सूक्ष्म फरकावरून वस्तू किती जवळ व किती दूर आहे हे ताडतो. यालाच आपण द्विनेत्री दृष्टी म्हणतो. खोलीची जी जाणीव त्यातून होते, तिला घनदृष्टी म्हणता येईल.

या कार्यासाठी निसर्गाने केलेली मांडणीही पाहण्याजोगी आहे. दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या दृष्टिमज्जा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. तेथे प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील अर्ध्या भागातील तंतू विरुद्ध बाजूस जातात, तर कानशिलाकडील अर्ध्या भागातील तंतू आपल्याच बाजूस राहतात. परिणामी डाव्या डोळ्याची आणि उजव्या डोळ्याची एकाच जागेविषयीची वार्ता मेंदूच्या एकाच भागात शेजारी-शेजारी येऊन बसते, आणि दोहोंची तुलना शक्य होते.

खोलीची जाणीव दोन चित्रांतील फरकामुळे होते, हे प्रयोगाने प्रथम दाखवले ते इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी, 1838 साली. एका वस्तूची डाव्या डोळ्याला दिसते तशी एक आणि उजव्या डोळ्याला दिसते तशी दुसरी, अशी दोन साधी रेखाचित्रे त्यांनी काढली आणि दोन आरशांच्या साहाय्याने एकेक चित्र एकेका डोळ्याला दाखवले. कागदावरच्या सपाट रेषा तत्काळ उठून आल्या. या उपकरणाला स्टिरिओस्कोप असे नाव मिळाले. पुढे 1849 साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून ते हाती धरता येईल असे सुटसुटीत केले. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी व्ह्यू-मास्टर नावाचे खेळणे डोळ्यांना लावून त्याचा खटका दाबला असेल. त्याच्या गोल चकतीवर 14 छोटी चित्रे असतात, पण आपल्याला देखावे मात्र सातच दिसतात. कारण प्रत्येक देखाव्यासाठी दोन चित्रे लागतात. ते खेळणे म्हणजे व्हीटस्टन यांच्या प्रयोगाचेच बालरूप होय.

येथे एका शंकेचे निरसन करणे आवश्यक आहे. ज्यांना एकाच डोळ्याने दिसते, त्यांचे आयुष्य अडून राहते काय? मुळीच नाही. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते, दूरची वस्तू लहान दिसते, मान हलवली की जवळचे भराभर सरकते व दूरचे सावकाश. या खुणांवरून एका डोळ्यालाही अंतराचा अंदाज येतो. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा 1961 साली मोटार अपघातात निकामी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते भारतासाठी पहिला कसोटी सामना खेळले, आणि 1962 साली वयाच्या एकविसाव्या वर्षी संघाचे कर्णधार झाले. एका डोळ्याने जगणाऱ्या कोणाही व्यक्तीने निराश होण्याचे कारण नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. मात्र हातभर अंतरावरचे बारीक काम, म्हणजे सुईत दोरा ओवणे, भांड्यात धार धरून ओतणे किंवा मंद उजेडात अनोळखी जिन्याची पायरी उतरणे, हे दोन डोळ्यांना जितक्या सहजपणे साधते तितके एकाला साधत नाही. शल्यचिकित्सकाचे काम तर या सर्वांहून बारीक असते.

एका नळीपासून दोन नळ्यांपर्यंत

दोन्ही डोळ्यांनी पाहण्याची ओढ किती जुनी आहे, हे दुर्बिणीच्या इतिहासावरून दिसते. हॉलंडमधील मिडलबर्ग गावचा चष्मे बनवणारा कारागीर हान्स लिपरशे 1608 च्या ऑक्टोबरात आपली दुर्बीण घेऊन तेथील राज्यसभेपुढे आला आणि त्याने एकाधिकार मागितला. दुर्बिणीच्या इतिहासातील ही पहिली नोंद. सभासदांनी उपकरण पाहिले आणि लगेच सूचना केली की ते दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करून द्यावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने तसे करून दाखवले. एकाधिकार मात्र त्याला मिळाला नाही, कारण ही कला तोवर इतरांनाही अवगत झाली होती. सांगण्याचा मुद्दा हा की, एका नळीची दुर्बीण जगापुढे आली त्याच वर्षी दोन नळ्यांची मागणी झाली. दोन नळ्या तंतोतंत जुळवणे मात्र कठीण होते. आज पक्षीनिरीक्षक गळ्यात अडकवतात तशी लोलकांची आटोपशीर दुर्बीण बाजारात यावयास 1894 साल उजाडले. जर्मनीतील झाइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली.

वैद्यकातही हाच क्रम दिसतो. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी 1851 साली प्रसिद्ध केले. नेत्रवैद्यकाचे आधुनिक युग तेथून सुरू झाले असे म्हणण्यास हरकत नाही. पण ते उपकरण एका डोळ्याने पाहावयाचे होते. दहा वर्षांनी, 1861 साली, फ्रान्समधील जिरो-त्युलाँ यांनी दोन डोळ्यांचे उपकरण केले. डोक्यावर बांधण्याचे आजचे रूप त्याला दिले ते चार्ल्स शेपेन्स या बेल्जियन नेत्रतज्ज्ञांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात. यातील अडचण अशी की रुग्णाची बाहुली केवळ काही मिलिमीटर रुंद आणि पाहणाऱ्याचे दोन डोळे तर 6 सेंटिमीटर दूर. या अरुंद झरोक्यातून दोन्ही डोळ्यांची नजर आत शिरणार कशी? उपकरणातील लोलक व आरसे तपासणाऱ्याच्या दोन डोळ्यांतील अंतर जणू दीड सेंटिमीटरइतके कमी करतात, आणि हातात धरलेल्या भिंगातून दोन्ही नजरा एकाच बाहुलीतून आत जातात. दिसणारे चित्र उलटे असते, पण ते सपाट नसते. पडदा कोठे उचलला गेला आहे, कोठे गाठ आहे, हे उंचसखलपणासह कळते.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची तपासणी याच उपकरणाने होते. ज्यांचा जन्म 34 आठवड्यांपूर्वी झाला किंवा जन्मतः वजन 2 किलोग्रॅमहून कमी होते, अशा बाळांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे. 28 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 1200 ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांची तर दोन ते तीन आठवड्यांतच. ही मुदत ज्या आई-वडिलांच्या ध्यानात राहील, त्यांच्या बाळाची दृष्टी वाचू शकेल. म्हणून ती येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

शस्त्रक्रियागृहातील सूक्ष्मदर्शकाचीही हीच कथा. स्टॉकहोममधील कार्ल ऊलॉफ न्यूलेन यांनी 1921 साली कानाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. तो एका डोळ्याचा होता. पुढल्याच वर्षी त्याच शहरातील गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक वापरला. 1953 साली झाइसने शस्त्रक्रियेसाठी खास बनवलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आणला, आणि त्यानंतर ही पद्धत जगभर रुजली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढताना त्याच्या मागचे पातळ आवरण शाबूत ठेवावे लागते, कारण नवे भिंग त्याच्या आधाराने बसते. हे आवरण मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाइतकेच जाड असते. शस्त्राचे टोक त्याच्यापासून किती वर आहे, हे डॉक्टरांना प्रत्येक क्षणी ‘दिसावे’ लागते. केवळ मोठे दिसून भागत नाही, खोल दिसावे लागते. आपल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. एक नळी आकार दाखवते. दोन नळ्या अंतर दाखवतात. शस्त्रक्रियेची सुरक्षितता अंतराच्या ज्ञानावर अवलंबून असते.

दुर्बिणीच्या तीन अटी

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतो. दोन नळ्यांची दुर्बीण नीट चालावी यासाठी तीन अटी असतात. पहिली : दोन्ही नळ्यांचा रोख एकाच ठिकाणी हवा. दुर्बीण हातातून पडून एक नळी जरा जरी वाकडी झाली, तर एकाच्या जागी दोन पक्षी दिसतात आणि डोके दुखू लागते. दुसरी : दोन्ही चित्रे सारखीच स्पष्ट हवीत. म्हणूनच दुर्बिणीच्या मधल्या चाकाखेरीज एका भिंगाला स्वतंत्र फिरवण्याची सोय असते. माणसाचे दोन डोळे सारखे असतीलच असे नाही, हे कारागिरांनी जाणले होते. तिसरी : दोन्ही नळ्यांची वाट मोकळी हवी, एका नळीवर झाकण राहिले तर दुर्बीण दोन नळ्यांची असूनही उपयोग एकीचाच.

मुलाच्या डोळ्यांनाही याच तीन अटी लागू होतात. रोख चुकला तर तो तिरळेपणा. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला तर एक चित्र स्पष्ट आणि दुसरे पुसट. जन्मजात मोतीबिंदू असला किंवा वरची पापणी बाहुलीवर उतरलेली असली, तर एका नळीवर झाकण.

परंतु दुर्बीण आणि मूल यांत एक फार मोठा फरक आहे. बिघडलेली दुर्बीण दहा वर्षांनी दुरुस्तीस नेली तरी चालते. मुलाचा मेंदू तोवर थांबत नाही. दोन न जुळणारी चित्रे आली की गोंधळ टाळण्यासाठी तो त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष करू लागतो. दुर्लक्ष सवयीचे होते आणि सवयीचे दौर्बल्य होते. डोळा बाहेरून धडधाकट, आतून निर्दोष. पण चष्मा लावूनही त्याला स्पष्ट दिसत नाही. यालाच बोलीभाषेत ‘आळशी डोळा’ म्हणतात. हा शब्द आम्हाला फारसा आवडत नाही, कारण आळस डोळ्याचाही नसतो आणि मुलाचाही नसतो. शंभर मुलांमागे साधारण एक ते तीन मुलांत हा दोष आढळतो, आणि दुसरा डोळा चांगला असल्यामुळे कित्येकदा घरात कोणालाच त्याची चाहूल लागत नाही. तिरळेपणा निदान दिसतो तरी. नंबरातील फरक आरशात दिसत नाही.

हे असे का होते, याचा उलगडा डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1960 च्या दशकात केला. मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत मिटलेला ठेवला, तर मेंदूतील दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देणे जवळजवळ थांबवतात. मोठ्या मांजरांत तसे होत नाही, हे त्यांनी दाखवले. 1981 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कार्याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच की, दोन डोळे घेऊन मूल जन्माला येते, पण दोन डोळ्यांची मिळून होणारी दृष्टी त्याला शिकावी लागते. घनदृष्टीची पहिली चिन्हे तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतात, आणि पुढील काही वर्षांत ती पक्की होते. या वर्षांत जे शिकणे राहून जाते, ते पुढे भरून काढणे अवघड होत जाते.

उपचार आणि त्याची वेळ

उपचाराचे मूळ तत्त्व जुने आहे. चांगला डोळा झाकून दुबळ्याला कामाला लावावे, असे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी 1743 सालीच सुचवले होते. आजही पट्टी हाच मुख्य आधार आहे. पण ती कशी व किती वेळ लावावी याविषयी आता पुष्कळ नेमके ज्ञान हाती आले आहे. प्रथम योग्य चष्मा द्यावा लागतो. नंबरातील फरकामुळे दृष्टी मंदावलेल्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांचा दोष केवळ चष्म्याने पूर्ण सुधारतो, असे 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तेथेच 2003 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने दाखवले की, दोष मध्यम असल्यास रोज 2 तास पट्टी लावणे हे 6 तास लावण्याइतकेच गुणकारी ठरते. दिवसभर पट्टी लावून शाळेत जाणाऱ्या मुलाला जी चेष्टा सोसावी लागते, ती यामुळे पुष्कळांची टळली. शाळा सुटल्यावर घरी, चित्र रंगवताना किंवा तांदूळ निवडायला बसवून हे 2 तास सहज पार पडतात. कोणत्या मुलास किती तास, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

‘सातव्या वर्षानंतर काही उपयोग नाही’ असा समज पूर्वी दृढ होता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7 ते 12 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांची दृष्टी उपचाराने सुधारली. म्हणून उशीर झालेल्या मुलाच्या पालकांना आम्ही कधीही विन्मुख पाठवत नाही. तरीही लवकर सुरू केलेला उपचार सोपा आणि अधिक फलदायी, हा नियम कायम आहे. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तर, बाळाची प्रकृती अनुकूल असल्यास, पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतच व्हावी हे इष्ट.

दृष्टी सुधारल्यावर दोन्ही डोळ्यांना एकत्र काम करावयास शिकवणे हा पुढला टप्पा. एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञांनी 1860 च्या दशकात स्टिरिओस्कोपचा उपयोग तिरळेपणाच्या व्यायामासाठी सुरू केला. आपल्या विभागातील सिनॉप्टोफोर हे त्याच घराण्यातले उपकरण. त्याच्या एका नळीत सिंहाचे चित्र आणि दुसरीत पिंजऱ्याचे. ‘सिंहाला पिंजऱ्यात घाल’ असे सांगितले की मूल दांडा सरकवू लागते. मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करीत असेल तर पिंजरा दिसतो तेव्हा सिंह नाहीसा होतो. ज्या दिवशी सिंह पिंजऱ्यात जाऊन बसतो, त्या दिवशी दोन्ही डोळे एकाच वेळी पाहू लागलेले असतात. दुसऱ्या एका तपासणीत विशेष चष्मा लावून मोठ्या माशीचे चित्र दाखवले जाते आणि तिचे पंख चिमटीत धरावयास सांगितले जाते. घनदृष्टी असलेले मूल कागदाला हात न लावता हवेतच चिमटी धरते आणि पुष्कळदा दचकून हात मागे घेते. ती नसलेले मूल बोट सरळ कागदावर टेकवते. बोट कागदापर्यंत गेले, तर पुढील तपासणीची दिशा आम्हाला तेवढ्यावरून कळते.

याच तत्त्वावर आता नवी साधने येत आहेत. डोळ्यांवर बसवण्याच्या संचातून दोन्ही डोळ्यांना एकच चित्रफीत दाखवावयाची, पण चांगल्या डोळ्याला ती फिकट दाखवावयाची, अशा एका उपचाराला 2021 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. पट्टी एका डोळ्याला बाजूला ठेवते. ही साधने दोघांना एकत्र बसवू पाहतात. मोठेपणीही मेंदूची दारे सर्वस्वी बंद होत नाहीत, याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील मज्जाशास्त्रज्ञ सुझन बॅरी यांचे नाव घेतले जाते. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या बॅरी यांना वयाच्या 48 व्या वर्षी नेत्रव्यायामानंतर घनदृष्टी लाभली, आणि मोटारीचे चाक आपल्यापुढे हवेत स्वतंत्र उभे असल्यासारखे त्यांना प्रथमच दिसले. 2009 साली त्यांनी याविषयी पुस्तक लिहिले. असा अनुभव सर्वांना येईल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. परंतु मेंदूविषयीची आशा त्याने निश्चित वाढवली आहे.

पालकांस विनंती

‘थोडा तिरळेपणा भाग्याचा’, ‘मोठा झाला की आपोआप जाईल’, ‘एवढ्याशा पोराला चष्मा कशाला’ ही वाक्ये बाह्यरुग्ण विभागात आमच्या कानी नेहमी पडतात. ती प्रेमापोटी बोलली जातात हे आम्ही जाणतो. पण त्या प्रेमात मोलाची वर्षे निघून जातात. पहिल्या काही महिन्यांत बाळाचे डोळे मधूनच इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. चौथ्या महिन्यानंतरही डोळा तिरळा दिसत असेल तर दाखवावयास आणावे. बाहुलीत किंवा छायाचित्रात पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही थांबू नये. मोतीबिंदूप्रमाणेच क्वचित डोळ्यातील कर्करोगाचीही ती खूण असते. मूल मान तिरकी करून पाहत असेल, एक डोळा झाकताच रडत वा चिडत असेल, तर त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. आणि कोणतेही लक्षण नसले तरी शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा प्रत्येक डोळा निरनिराळा तपासला जावा. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. त्या दिवशी मूल घरी राहणार नाही एवढे पाहावे.

पट्टीविषयी दोन शब्द. ती चांगल्या डोळ्यावरच लावावयाची असते, त्यामुळे प्रारंभी मुलाला कमी दिसते आणि ते पट्टी ओढून काढते. ती चष्म्याच्या काचेवर न लावता त्वचेवर लावावी, नाहीतर मूल कडेने डोकावते. उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि त्याचे फळ रोज दिसत नाही. म्हणून या उपचारातील खरे श्रम घरातील आईचे, आजीचे आणि मोठ्या भावंडांचे असतात. त्यांना आम्ही या सभेत नमस्कार करतो.

देणगीदारांस निवेदन

आपण दिलेल्या उपकरणांचे मोल आम्ही वर सांगितलेच. सूक्ष्मदर्शकावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते आणि ती लागावीही. पण या भाषणाचे निमित्त साधून आम्ही एक निराळी विनंती करू इच्छितो. ज्या मुलाची द्विनेत्री दृष्टी वाचवावयाची, त्याला मोठ्या यंत्राची गरज एक-दोनदाच पडते. त्याला हवा असतो तो चष्मा, आणि मोडला की लगेच दुसरा चष्मा. त्वचेला न बोचणाऱ्या पट्ट्यांचा पुरवठा. व्यायाम शिकवणारा प्रशिक्षित नेत्रतंत्रज्ञ. आणि दर काही आठवड्यांनी गावाहून येण्याजाण्याचे एस.टी.चे भाडे, कारण त्या दिवशी सोबत येणाऱ्या पालकाची मजुरीही बुडते. उपचार सुटतो तो बहुतेक वेळा येथे. औषधाच्या अभावी नव्हे. या बाबींवर नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून त्यांना देणगी मिळणे कठीण जाते.

विश्वस्त मंडळाने बालनेत्रसेवेसाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा आणि त्याचा विनियोग मुख्यतः या चार बाबींसाठी व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे. किती मुलांना चष्मा दिला एवढेच न सांगता, किती मुले सहा महिन्यांनंतरही उपचारांस येत राहिली आणि किती जणांचे दोन्ही डोळे एकत्र पाहू लागले, याची नोंद पुढील अहवालात देण्याचे आम्ही मान्य करतो. दिलेल्या दानाचे काय झाले, हे जाणून घेण्याचा आपला अधिकार आहे.

दोन नळ्यांचे उपकरण विकत घेता येते. दोन डोळ्यांची दृष्टी कोणत्याही किमतीस विकत मिळत नाही. ती मुलाच्या पहिल्या काही वर्षांत, घर, शाळा आणि रुग्णालय यांनी मिळून जपावी लागते. या कामात आपण सर्व आमच्या सोबत आहात या विश्वासाने आम्ही येथे थांबतो.